लांबी नसलेली इमारत

गच्ची

इमारत पायापासून बांधतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही गोष्ट गच्चीवरूनच खाली उतरवावी लागेल, कारण टाकीकाकांचा विचार नेहमी वरून खाली वाहायचा. पाणीपुरवठा खात्यात ते टाक्यांच्या विभागात चिकटले आणि टाक्यांच्याच विभागातून निवृत्त झाले. मधल्या काळात त्यांनी शहरभर टाक्या उभ्या केल्या. उंच, बुटक्या, छपरावरच्या, टेकडीवरच्या. टाकी ही मोठी कृतघ्न वस्तू. पूल बांधला तर लोक त्यावरून जाताना निदान शिव्या तरी देतात. टाकीकडे मान वर करून बघतात ते फक्त ती गळायला लागल्यावर, आणि काकांची एकही टाकी कधी गळली नाही. चोख काम केल्यामुळेच माणसाचं नाव कुणाला कळू नये, हा न्याय त्यांच्याच वाट्याला आला होता.

पाच इमारतींच्या त्या संकुलात मधोमध एक मोकळी जागा होती. म्हणजे मोडक्या सायकली, कुणाचं तरी कपाट आणि त्या कपाटात राहणारी मांजर सोडली तर मोकळी. तिथे एक आधुनिक, बहुउद्देशीय इमारत बांधायची, असं अध्यक्ष बाईंनी गच्चीवरच्या सभेत जाहीर केलं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या कुणाला विचारत नसत, हजेरी घेत.

काकूंचा धाकटा भाऊ, म्हणजे काकांचा मेहुणा, एक मॉल बांधत होता. त्याने हौसेने पडद्यावर चित्र दाखवलं. काचेची इमारत, समोर कारंजं, आणि आजूबाजूला सडपातळ माणसं फिरताहेत. सभेने श्वास रोखला. आपल्या संकुलात एवढी सडपातळ माणसं आहेत हे कुणाला माहीतच नव्हतं.

"पण माझा मॉल पुरा झाल्याशिवाय मला काही वेळ नाही हं," मेहुणा म्हणाला.

"मग नकाशा मी काढतो," टाकीकाका म्हणाले.

गच्चीवर अशी शांतता पसरली की कोपऱ्यातल्या टाकीखाली ठेवलेल्या बादलीत थेंब पडल्याचा आवाज आला. (ती टाकी काकांची नव्हती, हे सांगायला नकोच.)

"काका, हे नळाचं काम नाहीये," तळमजल्यावरचे वकील समजुतीच्या सुरात म्हणाले.

"टाकीला तुम्ही नळ समजता, इथेच तुमची केस गेली," काका म्हणाले.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "काढा तुम्ही. पण तपासणार मी."

घरी येईपर्यंत काका उंचीने थोडे वाढले होते. दार उघडणारी, माणसं आत जाणारी एक तरी वस्तू आपल्या हातून व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या टाक्यांत फक्त पाणी गेलं होतं, आणि पाणी काही बाहेर येऊन 'छान आहे हो आतून' असं म्हणत नाही.

पहिला मजला

बहुउद्देशीय म्हणजे ज्याला उद्देश असेल त्याने येऊन सांगावा, असा अर्थ संकुलाने घेतला. दुसऱ्या दिवसापासून काकांच्या घराची घंटा थांबेना. व्यायामवाल्यांना वजनं आपटायला जागा हवी होती. वाचनालयवाल्यांना वजनं आपटणाऱ्यांपासून लांबची जागा हवी होती. गाण्याच्या क्लासच्या बाईंना घुमणारी खोली हवी होती आणि त्यांच्या शेजाऱ्यांना न घुमणारी. वकिलांना मोठा हॉल हवा होता. दातांच्या डॉक्टरांना काहीच नको होतं, पण सगळे येऊन गेले म्हणून तेही आले आणि चहा पिऊन, काकांच्या दाढेकडे काळजीने बघून गेले.

काका प्रत्येकाचं ऐकत आणि शेवटी एकच विचारत: "किती लिटर?"

ही त्यांची जुनी खोड. कुठलीही जागा ते आधी भरून बघत. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवायला गेले, तेव्हा सगळे कौतुकाने जावयाच्या तोंडाकडे बघत असताना त्यांनी बैठकीच्या खोलीवर नजर फिरवली आणि सासऱ्यांना म्हणाले, "साठ हजार लिटर." सासरे पुढे बरीच वर्षं या वाक्याचा अर्थ लावत होते.

सगळे गेल्यावर काकू भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "सगळ्यांना विचारलंत. मला नाही विचारलंत."

"तुझा कसला उद्देश?"

"पोहायचा तलाव."

काका हसले. इथे त्यांनी हसायला नको होतं.

"माझं माहेर नदीकाठचं," काकू म्हणाल्या. "शाळेत असताना मी पैलतीर गाठून परत यायचे. मग लग्न केलं ते पाण्याच्या खात्यातल्या माणसाशी. म्हटलं, चला, पाण्यापाशीच चाललोय. आणि पाणी बघायला मिळालं ते बादलीत."

"अगं, तलाव गळतात. ज्या वस्तूला गळायची सवय असते तिला मी हात लावत नाही."

काकूंनी ताट असं ठेवलं की वाचनालयवाल्यांनी तक्रार केली असती.

दार

काकांनी दार-खिडकी बंद करून नकाशा काढला. (हा विनोद नाही, नळ गळत असला तर त्यांना सुचत नसे, आणि आवाज शेजारच्या नळाचा होता.) इमारत गोल होती. काकांचा कोपऱ्यावर विश्वास नव्हता. कोपरा आला की ताण साचतो, ताण साचला की भेग पडते, हे त्यांचं भिंतींविषयीचं मत होतं आणि हळूहळू माणसांविषयीचंही झालं होतं. मधोमध जमिनीत उतरलेला खोलगट गोल हॉल, त्याच्या कडेने बसायला पायऱ्या, वर भोवताली वर्तुळाकार ओसरी, तिच्यावर गोलाकार खोल्या. हॉलच्या भिंतीला बाहेरून चक्कर मारता यावी म्हणून पायऱ्यांखालून एक बोळ. टाकीला बाहेरून हात लावून बघता आलंच पाहिजे.

काकूंनी चष्मा लावून नकाशा पाहिला. मग उलटा करून पाहिला.

"अहो, आत जायचं कुठून?"

"वरून. हे काय, झाकण आहे. इथून लोखंडी शिडी."

"झाकण उघडून बाई शिडीवरून खाली उतरणार सभेला?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत काकांनी एकदाही दार काढलं नव्हतं. दार कसं काढतात हे बघायला ते उठून आपल्याच घराच्या दाराशी गेले, ते उघडलं, मिटलं, आणि समोरच्या शेजारणीने विचारलं, "काका, कुणी येणार आहे का?"

मग दार कुणाकडे तोंड करून, हा प्रश्न निघाला. गोल इमारतीला पुढची बाजू नसते, ही गोष्ट लक्षात येताच पाचही इमारतींना आपलीच बाजू पुढची आहे याची खात्री पटली. वकिलांनी पहिल्या इमारतीच्या वतीने बाजू मांडली. तिसऱ्या इमारतीने चौथीशी बोलणं सोडलं. जिन्यात भेटलेली माणसं 'काय, कसं काय'ऐवजी 'दाराचं काय?' असं विचारू लागली. शेवटी काकांनी पाच दारं काढली, प्रत्येक इमारतीसमोर एक. बाईंनी नकाशा तपासला, लाल पेनाने खाली 'ठीक' असं लिहिलं, आणि काकांना दहावी पास झाल्यावरही झाला नव्हता एवढा आनंद झाला.

जिना

मंजुरीचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्टवर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी होती. पाटी एवढी जुनी होती की आता तिचीच दुरुस्ती करायला हवी होती. काका जिना चढले. ज्या टेबलावर जायचं होतं त्या टेबलावरचा कारकून खाली चहाला गेला होता. काका खाली गेले. तो वर आला होता. हा परिच्छेद इथून पुन्हा पहिल्यापासून वाचला तरी चालेल. काकांनी तेच केलं.

शेवटी दोघं एका मजल्यावर सापडले.

"उद्देश?" कारकुनाने विचारलं.

"बहुउद्देशीय."

"एकच रकाना आहे. एक काय तो सांगा."

"बरेच आहेत. सभा, व्यायाम, वाचन, गाणं…"

"तो रकाना शेवटी भरू. लांबी?"

"गोल आहे."

"असू दे. लांबी किती?"

"गोलाला लांबी नसते हो."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. त्याचा आवाज एकदम मायेचा झाला. "काका, प्रत्येक गोष्टीला लांबी असते. तुम्ही घरी जाऊन शांतपणे मोजा."

"व्यास सांगू का?"

"व्यासाला रकाना नाही."

मागच्या रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "अहो, चौकोनी करून टाका ना, आमचा खोळंबा होतोय." दुसऱ्याने 'लंबगोल केलात तर थोडी लांबी मिळेल' असा तोडगा सुचवला. काकांचे कान लाल झाले. भर कार्यालयात त्यांचं वर्तुळ असं टांगणीला लागलं होतं.

"बरं, ते राहू दे," कारकून दमून म्हणाला. "क्षमता तरी सांगा."

आता, झोपेतून उठवून विचारला तरी काकांना येईल असा हा जगातला एकमेव प्रश्न होता. हॉलमध्ये माणसं किती बसतील, असं त्याला विचारायचं होतं. पण तोंडातून बाण सुटला होता.

"पावणेतीन लाख लिटर."

कारकुनाच्या चेहऱ्यावर दिवा लागला. "मग असं आधी सांगायचं ना! उगाच सभा न् गाणं काय लावलंय!" त्याने उद्देशाचा रकाना भरला, क्षमतेचा भरला, लांबीचा मोकळा ठेवला, आणि धाडधाड शिक्के मारले. फाइल तीन टेबलांवरून अशी घरंगळत गेली की तीही गोलच असावी. काका छाती काढून जिना उतरले. सरकारी खात्यात आपल्या नावाला अजून वजन आहे, असा त्यांचा समज झाला. कागदावर काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं नाही. स्वतः खात्यात होते ना. खात्यातला माणूस मंजुरीवरचा शिक्का बघतो, मजकूर नाही.

खिडकी

(इमारत छपरापर्यंत आलेली. गोल खिडकीतून मेहुणा डोकावतोय. आत काका ओली भिंत थोपटताहेत.)

"भाऊजी, ही इमारत आहे की भांडं?"

"बूट काढून ये आत."

"नको, सांडेन मी. हॉल खड्ड्यात का घातलात?"

"खड्डा नाही तो. उतरती बैठक आहे. मागच्यालाही पुढचं दिसतं."

"आणि भिंत एवढी जाड? तोफा येणार आहेत का? हल्ली काच लावतात, भाऊजी. पारदर्शक. समकालीन."

"तुझ्या मॉलमध्ये परवा तुझी ताई गेली होती. म्हणत होती, सरकत्या जिन्याजवळ बादल्या ठेवल्यात."

"त्या… त्या कुंड्या आहेत."

"कुंडीत टप टप काय पडत होतं?"

(मेहुणा खिडकीतून दिसेनासा होतो.)

तळमजला

इमारत उभी राहिली. कबुतरांनाही ती आवडली. उद्घाटनाचा दिवस ठरला, गाण्याच्या बाईंनी स्वागतगीत बसवलं, आणि पूर्णत्वाचा दाखला द्यायला निरीक्षक आला. उंच, कोरडा माणूस. घामसुद्धा परवानगीशिवाय येत नसावा. त्याने पाचही दारांतून आत जाऊन पाहिलं, पायऱ्या उतरून हॉलच्या तळाशी उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी कुठंय?"

"पिण्याचं ना? आणतो," काका म्हणाले.

"चाचणीचं. ही पाण्याची टाकी आहे ना?"

त्याने मंजुरीचा कागद समोर धरला. उद्देश: जलसंचय. क्षमता: पावणेतीन लाख लिटर. वकिलांनी तो दोनदा वाचला आणि केस हरलेल्या अशिलाकडे बघतात तसं काकांकडे बघितलं.

"साहेब, वाचनालय आहे हो वर," काका म्हणाले.

"असेल. टाकीवर वाचनालय नको असा नियम नाही. पण मंजुरी टाकीची आहे. टाकी काठोकाठ भरायची, पाण्याच्या पातळीला खूण करायची, एक दिवस ठेवायची. खूण राहिली तर दाखला. उतरली तर बांधकाम बेकायदा. पाडा."

संध्याकाळी हॉलच्या पायऱ्यांवर तातडीची सभा भरली. कोण काय बोललं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मेहुण्याचं चित्र पुन्हा पडद्यावर आलं. मॉल पुरा झाला होता, आता त्याला वेळ होता. बाईंनी ठराव मांडला: इमारत चाचणीत नापास झाली तर ती पाडून काचेची बांधायची, आणि टाकीकाकांनी यापुढे संकुलात साधी कुंडीसुद्धा हलवायची नाही.

ठराव मंजूर झाला. काकांखेरीज हात वर न करणाऱ्या एकट्या काकू होत्या. त्या पायऱ्या किती खोल जातात ते बघत होत्या.

पाया

पाण्याची टाकी म्हटल्यावर खात्याला पाणी द्यावंच लागतं. संकुलाने वर्षानुवर्षं अर्ज करूनही न मिळालेली जाड पाइपलाइन सकाळी दारात हजर झाली, आणि हॉल भरू लागला. लोक ओसरीवर कठड्याला टेकून बघत राहिले. एकेक पायरी बुडत गेली. अध्यक्षांच्या खुर्चीची जागा बुडाली तेव्हा बाईंनी डोळे मिटले. दारांच्या उंबरठ्यांखाली पाणी थांबलं. निरीक्षकाने लाल रंगाने रेघ ओढली, सही केली आणि म्हणाला, "उद्या या वेळी."

काकांनी जेवण टाळलं. ज्या माणसाने शहराचं पाणी सांभाळलं, त्याच्या डोळ्यांत ते जरासं आलं होतं.

"गळेल का हो?" काकूंनी विचारलं.

"माझी टाकी गळत नाही," काका म्हणाले. मग अगदी हळू, "पण ही मी टाकी म्हणून बांधलीच नव्हती गं."

"तुम्ही दुसरं काही बांधूच शकत नाही," काकू म्हणाल्या. संसारात एवढी मोठी शाबासकी त्यांनी पूर्वी कधी दिली नव्हती.

सकाळी उठून बघतात तो काकू घरात नाहीत. काका चप्पल न घालता धावत सुटले. गोल इमारतीची पाचही दारं उघडी, त्यांतून आलेला उजेड पाण्यावर पडून छतावर हलत होता, आणि मधोमध, जुन्या कपड्यांत, केस घट्ट बांधून, काकू पोहत होत्या. पहिल्या दारापासून समोरच्या दारापर्यंत. परत. घाई नाही, आवाज नाही. लग्नाआधी सोडलेली नदी कुणीतरी घरपोच आणून दिल्यासारख्या.

"अगं, चाचणी आहे!"

"मी काय पिऊन टाकतेय का तुमचं पाणी?"

हे ऐकायला काका एकटे नव्हते. चौथ्या दारातून पोरं आली आणि धबाधब उतरली. त्यांना बाहेर काढायला आया आल्या आणि पायऱ्यांवर गुडघाभर पाण्यात बसल्या. व्यायामवाले आले. चौथ्या इमारतीशी न बोलणारी तिसरी इमारत आली, आणि पाण्यात कोण कुठल्या दारातून उतरलं हे कुणाला ओळखू येईना. वकील आधी फक्त पाय बुडवणार होते. दातांच्या डॉक्टरांना अखेर एक उद्देश सापडला. ते पाठीवर तरंगत राहिले.

निरीक्षक आला तेव्हा अख्खं संकुल टाकीत होतं. त्याने वाकून खूण पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. पाणी रेघेच्या दोन बोटं वर होतं.

"गळणारी टाकी बघितलीय," तो म्हणाला. "वाढणारी नाही बघितली."

"माणसं काढली की उतरेल, साहेब," काका म्हणाले.

"काढा."

काकांनी विनवलं, वकिलांनी कायदा सांगितला, कुणी ऐकेना. शेवटी बाई उंबरठ्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी फक्त टाळी वाजवली. वय वर्षं सहापासून साठपर्यंतचे सगळे रांगेने बाहेर आले. पाणी शांत झालं. निरीक्षक पुन्हा वाकला.

"केसभर कमी आहे."

मेहुणा पायऱ्यांखालच्या बोळातून वर आला. तो पहाटेपासून तिथे भिंतीला रुमाल लावत फिरत होता, गळती शोधायला. त्याच्या हातातला रुमाल इस्त्रीचा होता तसाच होता.

"साहेब, बोळ कोरडा आहे," तो म्हणाला. हे म्हणताना त्याला फार त्रास झाला, ते दिसतच होतं. "भाऊजी, माझ्या मॉलमध्ये मला असा कोरडा रुमाल मिळत नाही."

"मग केसभर गेलं कुठे?" निरीक्षकाने विचारलं.

काकांनी मान वर केली. समोर अख्खं संकुल उभं होतं, निथळत. बाह्यांतून, वेण्यांतून, वकिलांच्या मिशांतून थेंब ओसरीवर ओघळत होते.

"यांच्या अंगावर," काका म्हणाले.

बाईंना जन्मात एवढं सरळ गणित कुणी सोडवून दिलं नव्हतं. "सगळ्यांनी पायरीवर या!" त्या गरजल्या. "पिळा!"

आणि सगळ्यांनी पिळलं. बाह्या पिळल्या, पदर पिळले, मोजे पिळले. काकूंनी केस सोडून पिळले. गाण्याच्या बाईंनी पिळता पिळता स्वागतगीत सुरू केलं आणि हॉल इतका सुंदर घुमला की त्यांच्या शेजाऱ्यांनीही तक्रार केली नाही. निरीक्षक रेघेवर डोळा लावून बसला होता. पाणी वर आलं, थबकलं, आणि लाल रेघेला बरोबर टेकलं.

"थेंब नाही गळाला," तो म्हणाला. त्याच्या कोरड्या कपाळावर घाम आला होता. "ही टाकी कुणाची?"

"आमच्या काकांची!" संकुल ओरडलं.

इतक्या वर्षांत कुणी टाकीखाली उभं राहून हा प्रश्न विचारला नव्हता. काकांनी भिंत थोपटली.

"एक लक्षात ठेवा," निरीक्षक कागद काढत म्हणाला. "नोंद टाकीची आहे. दर उन्हाळ्यात काठोकाठ भरून चाचणी घ्यावीच लागेल. नियम आहे. बाकी वर्षभर टाकी रिकामी ठेवून तुम्ही आत काय करता ते खातं विचारत नाही."

बाईंनी ताबडतोब ठराव मांडला: काकांनी वाटेल तेवढ्या कुंड्या हलवाव्यात. हात वर करताना सगळ्यांच्या बाहीतून पाणी गळलं. गळलं ते तेवढंच.

"आणि हा लांबीचा रकाना मोकळा आहे," निरीक्षक म्हणाला. "मोकळ्या रकान्यावर मला सही करता येत नाही. लांबी?"

काकांनी तोंड उघडलं, 'गोल आहे' म्हणायला. पण तेवढ्यात मागे पाणी हललं. पिळलेले केस पुन्हा बांधून काकू परत उतरल्या होत्या. त्यांनी पहिल्या दाराच्या पायरीला पाय रेटला, डोकं पाण्यात घातलं, आणि सरळ समोरच्या दारापाशी जाऊन वर आल्या.

"लिहा साहेब," त्या तोंडावरचं पाणी निपटत म्हणाल्या, "एका दमाची."